भाकरी कुणाची, कुत्रं कुणाचं?



कुत्रं चावल्याची भांडणं घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा समोरच्या पार्टीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "वकीलसाहेब, ते कुत्रं आमचं न्हाई, असंच येतंय." रात्री गोठ्यापुढं तेच बसतं, सकाळी शिळी भाकर तेच खातं, अनोळखी मोटारसायकलच्या मागं तेच धावतं. पण कुणाच्या पोटरीत दात रुतले की ते एकदम साऱ्या गावाचं होतं. जमिनीला सातबारा आहे, बैलाच्या कानाला बिल्ला आहे, कुत्र्याचं कुठं काही लिहिलेलं नाही. मग मालकी सिद्ध करणार कोण, असा सगळा हिशेब.

हा हिशेब चुकतो, कारण कायदा मालकी विचारतच नाही. तो ताबा विचारतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असेल आणि तो टळेल इतका बंदोबस्त जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे फिर्याद घ्यायला पोलिसांना न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी हेच दंडसंहितेचं कलम 289 होतं आणि दंड होता जास्तीत जास्त हजार रुपये. 1860 साली ती संहिता झाली तेव्हा हजार म्हणजे इस्टेट होती. कलम रद्द झालं तेव्हा त्यात फटफटीचं एक टायर येईना! आता ताबा कशावरून ठरतो? भाकर कोण घालतं, गळ्यात पट्टा कुणी बांधला, हाक कुणाची ऐकतं. शेजारचे दोन साक्षीदार पुरतात.

आता जातीकडे येऊ. रॉटवायलर, पिटबुल ही नावं आता खेड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहेत. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र धाडून अशा तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री बंद करायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नव्हतं, हा मुख्य आक्षेप.

या यादीशेजारी मुंबईचे दोन निकाल ठेवून बघा. मे 2010 मध्ये नेपियन सी रोडवर दोन नातेवाइकांचा मालमत्तेवरून वाद चालला होता. एकाच्या गाडीत रॉटवायलर गुरगुरत होता. दार उघडू नको म्हटलं तरी त्यानं उघडलं आणि कुत्र्यानं बहात्तर वर्षांच्या माणसाला चावे घेतले. निकाल लागला 2023 मध्ये, तीन महिने सक्तमजुरी. दुसरं प्रकरण वरळीचं, फेब्रुवारी 2018 चं. लिफ्टमध्ये दीड वर्षाचं पोर घेऊन बाप उभा. पोर कुत्र्याला घाबरतं, थोडं थांबा, असं तो म्हणाला. कुत्रेवाल्यानं कुत्रं आत ओढलंच आणि ते बापाच्या हाताला चावलं. 2025 मध्ये चार महिने सक्तमजुरी. हे कुत्रं होतं हस्की, बर्फात गाडी ओढणारं. रॉटवायलर तेविसांच्या यादीत आहे, हस्की नाही. शिक्षा मात्र हस्कीवाल्याला जास्त! आणि पट्टा त्याच्या हातातच होता, बरं का. दोन्ही ठिकाणी सांगूनही न ऐकणारा माणूस होता.

जातीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर जखम मोठी होणार, आणि 'धोक्याचा संभव' मोजताना न्यायाधीश ते बघणारच. पण स्वभावाचं काय? 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीवरून उलगडतो तो सुमारे नऊ टक्के. बंदीवर देशांचंही एकमत नाही. नेदरलँडनं 1993 पासून पिटबुलवर बंदी घातली होती, ती 2008 मध्ये उठवली. ब्रिटननं मात्र 1991 चा बंदीचा कायदा ठेवला, आणि 2023 अखेर त्यात एक्सएल बुली ही जात घातली.

आपल्या भागात मान आहे तो कारवान कुत्र्याचा. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याला नाव मिळवून दिलं, आणि 2005 मध्ये टपाल तिकिटावरही हे कुत्रं आलं. पळणारं दिसलं की मागं लागायचं, हे त्याच्या रक्तात. सशामागं सोडत असाल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा, तो विषय आज नको. पण पळणारं शाळकरी पोर आणि पळणारा ससा यांतला फरक कुत्र्याला धन्यानंच शिकवावा लागतो. दिवसभर आखूड साखळीला बांधून, दगड मारून, तिखट चारून 'कडक' केलेल्या कुत्र्याला तो कळत नाही. मळणीत बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं आपल्याला सुचतं. चावरं कुत्रं रस्त्यावर मुसक्याशिवाय मोकळं सोडू नये, हे 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातही आहे. तरी कुत्र्याचं मुसकं मी आपल्या तालुक्यात अजून पाहिलेलं नाही.

ज्याला खरंच कुणी धनी नाही, त्या कुत्र्याचं काय? तिथं जबाबदारी शासनाकडे आणि स्थानिक संस्थेकडे जाते. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं भरपाईचा दरच ठरवून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात दाखवता येतो.

भांडण मात्र नंतर करा. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना नाही, तिखट नाही, मंत्र नाही. मग थेट सरकारी दवाखाना. डॉक्टर सांगतील तितक्या सगळ्या सुया घ्यायच्या आणि केसपेपर जपायचा, कारण कोर्टात पहिला कागद तोच लागतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. ज्यांच्या गोठ्यापुढं आज रात्री कुत्रं झोपणार आहे, त्यांनी या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, दरवर्षी टोचावी, आणि ते कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावं. धन्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहावं.