विश्वाच्या प्रसरणाची मोजदाद
(इंदूर येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



येथून जवळच उज्जयिनीस सवाई जयसिंगांची वेधशाळा आहे. तेथील यंत्रांनी ग्रहताऱ्यांची स्थाने मोजता येतात; परंतु अखिल विश्वाविषयीचा सिद्धांत खरा की खोटा, हे कसे ठरवावे?

दीर्घिका आपणापासून दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ साली दाखविले. १९४८ साली बाँडी, गोल्ड व हॉइल यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला : विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याचे रूप सदैव तेच. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ-स्रोत मोजून यास आव्हान दिले. चौपट मंद म्हणजे दुप्पट दूर, आणि दुप्पट अंतर म्हणजे आठपट घनफळ. म्हणून स्तब्ध व एकसारख्या विश्वात चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजीत गेल्यास संख्या आठपट व्हावी. स्थिर-स्थितीच्या विश्वात त्याहून कमी. राइल यांच्या १९६१ च्या मोजणीत ती सुमारे बारापट निघाली. म्हणजे विश्व पूर्वी निराळे होते!

कोल्हापुरास १९३८ साली जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर तेव्हा हॉइल यांच्या हाताखाली संशोधनास नुकतेच लागले होते. गुरूच्या वतीने रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे उत्तर देण्यास तेच उभे राहिले. स्रोत विश्वात गटागटांनी विखुरले असतील, आणि तेजस्वी स्रोत तर थोडेच. तेव्हा एवढ्याशा नमुन्यावरून निकाल कसा द्यावा, असा त्यांचा आक्षेप.

येथे आम्हां कारकुनांना परिचित अशी एक मेख आहे. त्या काळी मोजणी चढत्या बेरजेने मांडीत. खतावणीत पहिल्या पानावरची चूक ‘मागील बाकी’ म्हणून प्रत्येक पानावर येते. मग शेवटची दहा पाने एकमुखाने साक्ष देतात असे कोणी म्हणेल काय? तेजस्वी स्रोतांची गणनाही अशीच पुढच्या प्रत्येक बिंदूत मिसळते. ही त्रुटी पुढे इतर संशोधकांनीही दाखविली आणि गणनेची रीत सुधारली. तरी फल राइल यांच्याच बाजूने झुकले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९६५ साली पार्श्वभूमी-प्रारण सापडल्यावर बहुतेकांनी स्थिर-स्थिती सोडली.

नारळीकरांनी हट्ट सोडला नाही. हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. पुढे १९९८ साली दूरचे अतिनवतारे अपेक्षेहून मंद आढळले. प्रसरणाचा वेग वाढतो आहे, असा अर्थ लावणाऱ्यांस २०११ चे नोबेल मिळाले. नारळीकर व सहकाऱ्यांनी हा मंदपणा लोहासारख्या धातूंच्या सूक्ष्म सुयांच्या धुळीने समजावता येतो काय, हे ‘काय-वर्ग’ कसोटीने तपासले. प्रत्येक निरीक्षणातील फरकास त्याच्या संभाव्य चुकीने भागावयाचे, वर्ग करून बेरीज घ्यावयाची. बेरीज निरीक्षणांच्या संख्येच्या आसपास आली तर प्रतिमान तग धरते. मात्र सिद्धांतात आणखी एक मोकळा अंक घातला की बेरीज उतरतेच, म्हणून त्या अंकाची किंमतही वजा धरावी लागते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यास निवर्तले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘डेसी’ प्रकल्पाने कृष्ण-ऊर्जा कालानुसार बदलत असावी, असे संकेत प्रसिद्ध केले. अतिनवताऱ्यांची कोणती यादी जोडावी त्यावर संकेताचे बळ सुमारे २.८ पासून ४.२ सिग्मापर्यंत बदलते. पाचावाचून त्यास शोध म्हणत नाहीत. यादी कोणती धरावी, हा वाद अद्याप चालू आहे.