झाकलेली मूठ

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आम्ही आजवर संस्थेचे हिशेब वाचून दाखवले. आज घरचा हिशेब मांडणार आहोत. ज्याची ही गोष्ट आहे, तो आमचा धाकटा भाऊ मागच्या रांगेत बसला आहे. ‘‘दादा, सगळे सांग, काही झाकू नकोस,’’ असे तोच म्हणाला.

२००४ साली तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. आम्ही नुकतेच बँकेत लागलो होतो. नाक्यावरच्या मित्रांनी त्याच्या हातात गर्दची पुडी ठेवली. गर्द म्हणजे अफूपासून बनवलेले अशुद्ध हेरॉईन. पन्नीवर ठेवायचे, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. आधी मौज होती, काही महिन्यांतच ती गरज झाली. पुडी मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी, अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब. झोप तर नाहीच. पिणारे याला टर्की म्हणतात. पुढेपुढे ही टर्की टळावी, एवढ्यासाठीच तो ओढत होता.

घरातून आधी आईच्या कुड्या गेल्या, मग तांब्याचा हंडा. २००६ साली जयंतीच्या वर्गणीचे ४,२०० रुपये आमच्याकडे ठेवायला होते, तेही गेले. आम्ही कर्ज काढून रक्कम भरली आणि कोणाला कळू दिले नाही. आज आपणा सर्वांसमोर ते कबूल करतो. रविवारच्या वंदनेत तो आमच्या शेजारी बसून पंचशील म्हणे. पाचव्या शीलाला त्याचा आवाज खाली जाई. आम्ही ते ऐकूनही न ऐकल्यासारखे करीत होतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आम्ही मानले. त्याची उसनवारी फेडली, त्याच्यासाठी खोटे बोललो. आम्हाला ती माया वाटे. प्रत्यक्षात पुडीचे पैसे आम्हीच भरत होतो.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे त्यांनी कितीतरी मराठी घरांना समजावले. आमच्या घरी ते कळायला २००७ उजाडले. एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून भावाला एका केंद्रात दाखल केले. टर्कीचा जोर आठवडाभरात ओसरला. आम्हाला वाटले, सुटला! पण ओढ मनात उरते. चार महिन्यांनी तो पुन्हा घसरला. मध्ये खंड पडला की शरीराची सवय उतरते. मग जुन्याच मापाने घेतले तर श्वास थांबू शकतो. तो बेशुद्ध सापडला. वेळेत दवाखान्यात नेला, म्हणून वाचला.

दुसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर आम्हीही शिकलो. घरच्यांच्या सभांना आई आणि आम्ही जाऊ लागलो. त्याच्या हातात पैसे देणे बंद केले; ताट वाढणे आणि बोलणे कधी बंद केले नाही. २००८ पासून त्याने गर्दला हात लावलेला नाही. आजही तो ‘‘आजचा दिवस’’ एवढेच म्हणतो. नोकरी लागल्यावर वर्गणीचे ते पैसे त्याने महिना २०० रुपयांप्रमाणे एकवीस हप्त्यांत आम्हाला फेडले. ती वही त्याने जपून ठेवली आहे.

विद्यार्थी मित्रहो, ‘‘एकदा घेऊन बघ’’ म्हणणारा बहुधा ओळखीचाच असतो. त्याला नाही म्हणा. आणि पाऊल घसरलेच असेल तर लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही, कलम ६४-अ नुसार, संरक्षण आहे. १४४४६ हा सरकारी मदतीचा दूरध्वनी मोफत आहे.

आणि पालकहो, चार लोक काय म्हणतील याला भिऊ नका. त्या चार लोकांतले आम्ही एक आहोत. आमच्या घराचे दार वाजवा. दार उघडायला बहुतेक भाऊच येईल.

जय भीम!