बेसिनखालची दीड वीत जागा

(सोसायटीच्या गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेले भाषण)



मला सांगितलं, घरगुती दुरुस्तीवर दहा मिनिटं बोला. मी काही प्लंबर नाही. पण माझ्या हातची एक गळती निम्म्या बिल्डिंगला ठाऊक आहे, तेव्हा तीच सांगतो.

आमचं पॅसेजमधलं बेसिन बदलून मी हौसेनं कपाटवालं घेतलं. प्लंबरनं खाली वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप लावला आणि थेट भिंतीतल्या भोकात खुपसला. आठ दिवसांत वास, पाठोपाठ झुरळं. बेसिनचा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये पडत असेल तर तिथलं पाणी वास अडवतं. आमचा जातो सरळ डक्टमधल्या पाइपला. मधे पाणी साठायला जागाच नाही, म्हणून बॉटल ट्रॅप हवा. त्याच्या वाटीत साठलेलं दोन-तीन इंच पाणी हेच वासाला झाकण. (मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनो, घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की हे पाणी वाळतं. शेजारी किल्ली ठेवा, अधूनमधून मगभर पाणी ओतायला सांगा.)

प्लंबर पुन्हा यायचं नाव घेईना. मग मीच बसलो. बसलो कसला, आडवा झालो! कपाटात दीड वीत जागा, टॉर्च तोंडात. ट्रॅपचं तोंड भिंतीतल्या भोकाच्या खाली येत होतं; पाणी वर चढणार कसं? बेसिनकडून येणारा उभा पाइप करवतीनं दीड इंच कापला, तेव्हा ट्रॅप वर सरकला. इथपर्यंत बरोबर. पुढे मागच्या नटापर्यंत हात पोचेना, आतला रबरी वायसर तिरका बसला, आणि मी मोठ्या पान्यानं आवळत सुटलो. वर टेफ्लॉन टेपही गुंडाळली. त्या नटाला टेपचं काही काम नसतं, पाणी वायसर अडवतो. प्लॅस्टिकचा नट हातानं घट्ट करायचा, फार तर वर पाव फेरा.

नळ सोडून पाहिला, थेंब नाही. खूश!

महिन्याभरानं खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती. मी दारातूनच म्हणालो, "आमच्याकडून नाही हो, आमचं काम नवीन आहे." काकू मुकाट्यानं गेल्या. पुढे जिन्यात दिसल्या की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. त्यांचा कमिटीकडे अर्ज गेला. घरातल्या नळ-बेसिनची गळती सभासदानं स्वखर्चानं काढायची, असं उपविधीत आहे. तरी मी चांगलं दोन पानी उत्तर लिहिलं.

शेवटी त्यांचा मुलगा टॉर्च आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन आला. "काका, भांडू नंतर. आधी बघू." ट्रॅपखाली कोरडा कागद पसरला, बेसिनला बूच लावून काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. नळाच्या धारेत जे दिसत नाही ते भरलेल्या बेसिनच्या लोंढ्यात दिसतं. कागदावर एक थेंब. मग दुसरा. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यानं सगळं सोडवून ट्रॅप आधी बाहेर लादीवर जोडून बघितला. वायसरला साबणाचं पाणी लावलं, निमुळती बाजू आट्यांकडे ठेवली, नट नुसत्या हातानं फिरवला. पुढेमागे वाटी साफ करायला खालून काढता यावी म्हणून कपाटाची फळीही कापली. अर्धा तास लागला.

त्याच संध्याकाळी मी खाली जाऊन काकूंची माफी मागितली. ओल वाळल्यावर छताचा रंग करून दिला. काकूंनी चहा केला, पण साखर घालायला विसरल्या. मुद्दाम की चुकून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते दोन पानी उत्तर अजून सोसायटीच्या फायलीत आहे. सेक्रेटरीसाहेब, तेवढं मला परत द्या.