चौकाबाहेर बसून
(संस्थेच्या मेळाव्यात एका चित्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘आदिवासी संस्कृती आणि चित्रकला’ असा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे. मी आपल्या हातातल्या कामाबद्दलच बोलतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागात पाड्यावर जायचे, कुणाच्या तरी अंगणात परवानगी घेऊन बसायचे आणि समोर दिसते ते वहीत काढायचे, एवढेच माझे काम. फोटोवरून घरी येऊन काढणे मला जमत नाही आणि पटतही नाही.

जागेवर बसून काढायला वेळ लागतो, आणि तो वेळच कामाला येतो. एक कुडाचे घर काढायला मला दीड तास लागतो. तेवढ्यात पोरे भोवती जमतात, चहा येतो, म्हातारे माणूस बाजूला येऊन बसते. कारवीच्या काठ्या कशा उभ्या बांधल्या आहेत, त्यांवर शेणमातीचा हात कोणत्या बाजूने फिरला आहे, कणगी घरात नेमकी कुठे ठेवतात आणि का, हे सगळे त्या दीड तासात कळते. फोटो काढून पुढे गेलो असतो तर घर मिळाले असते, घरातली माणसे मिळाली नसती.

वारली चित्र म्हटले की आपल्याला टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आठवतात. शहरात त्याला ‘सोपी कला’ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. आवणीच्या दिवसांत बांधावर बसून पाहा. चिखलात रोप लावणारी बाई कमरेतून अशी वाकते की वरचे धड आणि खालचे अंग एका बिंदूपाशी जोडल्यासारखे दिसते. हा माझा तर्क आहे, पण वही घेऊन बसलो की तो मला दरवेळी पटतो. वरचा त्रिकोण जरा कलता केला की माणूस ओझे उचलतो, आणखी कलता केला की नाचतो. सगळा जीव त्या एका टोकाच्या तोलात आहे. हे ज्याला सोपे वाटते त्याने एकदा नाचणाऱ्यांची साखळी काढून बघावी.

तारप्याचेही तसेच. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तो वाजवणारा चालू लागला की साखळी त्याच्या मागे वळत जाते. त्याने सूर बदलला की पावले बदलतात. चित्रात आपण पाहतो ती नागमोडी रांग कुणी शोभेसाठी काढलेली नाही. ती त्या रात्रीच्या चालण्याची नोंद आहे.

आता चौकाकडे येतो, कारण आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे.

लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ करतात, तोच कुंचला. चौकात पालघट देवी असते, शेजारी पंचशिऱ्या देव घोड्यावर असतो, सूर्य-चंद्र असतात. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. म्हणजे आपण ज्याला चित्र म्हणतो ते तिथे विधीचा भाग आहे, आणि तो बायकांच्या हातचा आहे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने हे काम कागदावर आणायला प्रोत्साहन दिले. गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे त्यातूनच जगापुढे आले. त्यांनी विधीपुरते न थांबता रोज चित्र काढले: मासेमारीचे जाळे, शेत, मुंग्या, झाडे. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्यांच्या मागून अनेक तरुणांच्या घरी चित्रांवर चूल पेटते. ही चांगलीच गोष्ट आहे, तिच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण पैसा आला तसे नाव पुरुषांचे झाले आणि चौक लिहिणाऱ्या सवासिणी भिंतीपाशीच राहिल्या, हेही खरे.

एका लग्नात चौक लिहिणे चालू होते. त्यातल्या वडीलधाऱ्या आजींना मी विचारले, मी इथे बसून काढू का? त्या म्हणाल्या, आमचे हात काढ, वाटीतले पीठ काढ, देवीला काढू नको. तिचे तोंड आम्ही लग्नापुरते उघडतो. त्या दिवशीच्या पानांवर हातच हात आहेत. माझ्या सगळ्या वह्यांत मला ती पाने जास्त प्रिय आहेत.

म्हणून संस्थेने यंदाच्या देणगी-दिनदर्शिकेसाठी माझ्याकडे पालघट देवीचा चौक मागितला तेव्हा मी नाही म्हटले. ते कार्यकर्त्यांना थोडे लागले, मला ठाऊक आहे. हेतू चांगलाच होता. दिनदर्शिका विकली गेली तर वसतिगृहाच्या धान्याची सोय होते. पण ज्या मुलींच्या आया-आज्या चौक लिहितात त्यांनाच न विचारता तो छापून भिंतीवर टांगायचा आणि वर्ष संपले की रद्दीत घालायचा, हे मला जमणार नाही. बारा महिन्यांची बारा पाने मी देतो: आवणी, खळे, तारपा, जव्हारच्या बोहाड्याचे मुखवटे. देवी नको.

दुसरी मागणी नव्या वसतिगृहाच्या भिंतीबद्दल. तिथे साचा ठेवून पांढरी माणसे उठवायचे ठरते आहे असे ऐकले. मुले आत्ताच मोबाइलवर पाहून वारली चित्र काढतात. स्वतःच्या आजीला विचारून काढणारी थोडीच. माझी विनंती आहे, ठेकेदाराला देणार तेच पैसे चार पाड्यांवरच्या बायकांना द्या. काय काढायचे आणि काय नाही ते त्या ठरवतील. काम आठवडाभर चालू द्या आणि तेवढे दिवस मुलांना वर्गातून बाहेर, त्यांच्या शेजारी बसू द्या. रंग प्लास्टिकचा असो की पिठाचा, तेही त्यांनाच विचारा. पावसाळी ओल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

मुख्याध्यापकांनी शनिवारची सकाळ मला दिली आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन जवळच्या पाड्यावर जाऊ. प्रत्येकाने आपल्या नाहीतर शेजारच्या घरातली एक वस्तू समोर बसून काढायची आणि ती कुणी केली ते चित्राखाली लिहायचे. वह्या आणि पेन्सिली मी आणल्या आहेत, बाहेर टेबलावर आहेत. खोडरबर मुद्दाम आणलेले नाहीत.