संशोधन कोणाच्या उपयोगाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)



डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवर चर्चा चालू होती. पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणाऱ्या या अधिछात्रवृत्तीवर २०० ची मर्यादा का, असा विरोधी सदस्यांचा प्रश्न होता. तेव्हाच्या दोन उपमुख्यमंत्र्यांपैकी एकांनी त्यावर प्रतिप्रश्न केला की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? वृत्तपत्रांतून चार दिवस टीका झाली आणि विषय मिटला. मला मात्र तो प्रश्न, त्यातील तुच्छता वजा करून, गंभीरपणे घ्यावासा वाटतो. कारण तो एका मंत्र्याचा नाही. गावोगावचे पालक तो विचारतात. आपल्या चळवळीतही तो वेगळ्या शब्दांत कानी येतो : शेतमजुराच्या मजुरीचा प्रश्न पेटलेला असताना जुनी नाणी मोजीत बसणाऱ्याचे कौतुक आपण का करावे?

नाण्यांचेच उदाहरण घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. गोव्यात १९०७ साली जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत नोकरी. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांचे वजन या प्रश्नाला हात घातला. चांदीचे नाणे हातोहात फिरताना झिजते. जितका काळ ते चलनात राहील तितके त्या गटाचे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांमधील तफावत वाढते. ही गोष्ट पडताळण्यासाठी त्यांनी त्या काळी बाजारात चालणारी हजारो नाणी तराजूत घातली. मग प्राचीन नाण्यांच्या मागील बाजूवरचे छोटे ठसे मोजले. ठसे अधिक तितके वजन कमी, असा मेळ त्यांना आढळला, आणि ज्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, शक नाही, त्यांची कालानुक्रमे मांडणी करण्याचा मार्ग खुला झाला. राजवंशांच्या याद्यांपलीकडचा, व्यापाराचा आणि चलनाचा इतिहास एका तराजूतून बोलू लागला.

याच गृहस्थांनी १९४४ साली आनुवंशिकीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. संकरात दोन जनुके किती वेळा परस्परांपासून विलग होतात यावरून गुणसूत्रावरील त्यांच्यामधले अंतर काढण्याचे सूत्र त्यात आहे. ज्वारी, हरभरा अशा पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना आजही ते कोसंबींच्या नावानिशी वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच, १९४८ सालची. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाकडे मार्क्सवादी दृष्टीने पाहणारा त्यांचा ग्रंथ आला, तो आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर हिंडून ते सूक्ष्म दगडी हत्यारे गोळा करीत आणि आडवाटेवरच्या देवींची ठाणी नोंदवीत. यांपैकी कोणते संशोधन उपयोगी आणि कोणते निरुपयोगी, हे १९४४ साली एखाद्या अर्थखात्याच्या सचिवाला विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते? जनुकांचे सूत्र तर तेव्हा कागदावरचे बीजगणितच होते.

प्रत्येक शास्त्राची चाल वेगळी असते, आणि दुसऱ्या शास्त्राशी सांधा कोठे जुळेल हे आधी कळत नाही. शिरूर तालुक्यातील इनामगाव पाहा. घोड नदीच्या काठच्या या वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ नंतर सुमारे दीड दशक केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील हे शेतकऱ्यांचे गाव. तेथे खापरे ओळखणारे होते, तसे करपलेल्या धान्यावरून जव ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थी तपासणारे होते. उत्तरकाळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडली, पशुपालनावर भिस्त वाढली. आणि उत्खनकांनी याचा संबंध पर्जन्यमान घटण्याशी जोडला. अवर्षणात गाव कसे मोडते याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा हा पुरावा एकट्या पुरातत्त्वज्ञाला किंवा एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञाला वाचता आला नसता.

माझा स्वतःचा विषय अर्थशास्त्र, म्हणून त्यातील एक उदाहरण सांगतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. दरडोई रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळण्याइतका खर्च जे करू शकत नाहीत ते दरिद्री, अशी कसोटी त्यांनी लावली. १९६०-६१ च्या आकडेवारीवरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली येत होते. ग्रामीण कामांच्या कार्यक्रमावर त्यांचा भर होता. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. एकातून दुसरे सरळ निघाले असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळातील मोर्चांचा वाटा निःसंशय मोठा होता. पण मोर्चाच्या हाती तेव्हा आकडा होता. आणि आकड्याची धास्ती सत्तेला किती असते, हे २०१९ मध्ये दिसले. २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. त्यापुढील पाहणीचे आकडे २०२४ साली आले. मधली कित्येक वर्षे या देशात किती माणसे अर्धपोटी आहेत याचा वाद अंदाजांवर चालला.

आता पैशाकडे वळू. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, अशी घोषणा होती. पैकी सुमारे ३६ हजार कोटी अर्थसंकल्पाबाहेरून, मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून यावयाचे. देणगी देणारा विषयही सुचवितो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. त्या कायद्यात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना जागा आहे ती त्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाशी येणाऱ्या संबंधापुरती. म्हणजे भटक्या जमातीच्या बोलीचा कोश करणाऱ्याने आधी त्यात एखादे यंत्र दाखवावयाचे! जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली : दीर्घ मुदतीची कर्जे, अल्प किंवा शून्य व्याजाने. त्या कंपन्यांना, तुम्ही काय दिवे लावणार, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. तो प्रश्न राखून ठेवला आहे तो घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोहोचलेल्या मुलामुलींसाठी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर २०२२-२३ पासून बंदच झाली.

आपल्याकडील प्रबंधांच्या ढिगात टाकाऊ माल पुष्कळ आहे, हा आक्षेप खरा आहे. पण तो माल तयार कसा झाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची बढती गुणांकांशी जोडली, निबंध मोजले जाऊ लागले, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे दुकान थाटले गेले. तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक दोन महाविद्यालयांत धावपळ करून उरलेल्या वेळात गुणांकांपुरते लिहितो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. दहा वर्षे एकाच प्रश्नाशी झुंजण्याची मुभा ज्यांना होती त्यांची नोकरी पक्की होती, ग्रंथालय हाताशी होते, आणि दरवर्षी निकाल मागणारा कोणी नव्हता.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या लढ्यात आपले अनेक कार्यकर्ते आहेत. त्यांची मागणीपत्रके प्रामुख्याने वेतन आणि सेवासातत्य या दोन कलमांवर उभी असतात, आणि ते योग्यच आहे. संशोधनासाठी पगारी रजा आणि क्षेत्रपाहणीचा प्रवासखर्च हे तिसरे कलम त्यांत घालावे, अशी माझी सूचना आहे. सेवाच पक्की नाही तेथे रजा कसली मागता, असे काही जण म्हणतील. त्यावर आता चर्चा व्हावी.