भाकरी सोडू नका, साखर मोजा

बचत गटात आपण दर महिन्याला पैशाचा हिशेब करतो. आज साखरेचा करू.

गेल्या वर्षी पोट सुटलं म्हणून माझ्या आईनं रात्रीची भाकरी बंद केली. दोन महिन्यांत अंगातलं त्राण गेलं, खुरपताना चक्कर यायला लागली. पोट मात्र होतं तेवढंच! मग एक दिवस मी तिचे चहाचे कप मोजले. दिवसाला 5 कप, कपाला 2 चमचे साखर, वर बिस्किटं. 10 चमचे म्हणजे साधारण 50 ग्रॅम. महिन्याला दीड किलो, तेही एकटीची. म्हणजे भाकरी ताटातून गेली, पण एका मोठ्या भाकरीइतकी ऊर्जा नुसत्या साखरेतून रोज पोटात जातच होती.

भाकरी, भात, साखर, गूळ, साबुदाणा ही सगळी कर्बोदकं. पचल्यावर त्यांची रक्तात साखर होते. पण सगळ्यांचा वेग सारखा नसतो. चहातली साखर, मैद्याची बिस्किटं, पाव झटकन पचतात आणि पुन्हा लवकर भूक लागते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत कोंडा असतो, मटकीच्या उसळीत तंतू आणि प्रथिनं असतात. हे अन्न सावकाश पचतं, पोट भरलेलं राहतं. शरीराला लागते तेवढी ऊर्जा खर्च होते, उरलेली चरबी होऊन साठते. भाकरीसुद्धा गरजेपेक्षा जास्त खाल्ली तर चरबी होणारच. पण तिसऱ्या भाकरीला पोट 'पुरे' म्हणतं, बिस्किटांचा पुडा कधी संपला ते कळतही नाही.

काही जणी म्हणतात, "आम्ही गुळाचा चहा घेतो." बायांनो, गूळ म्हणजे बहुतेक साखरच. आणि उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, रताळं, मूठभर शेंगदाणे चालतील.

पण आपण एवढा चहा पितो तरी का? घरातले सगळे जेवल्यावर उरेल ते आपलं. तोवर भूक लागली की घोटभर चहा. चहानं भूक मरते, अंगाला काही लागत नाही. जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोहही अंगी नीट लागत नाही. म्हणून एकाच बाईचं पोट सुटलेलं असतं आणि रक्तही कमी असतं.

तेव्हा तीन गोष्टी करू. चहा 2 कपांवर आणू, कपाला 1 चमचा साखर. जेवणात भाकरीबरोबर उसळ किंवा डाळ आणि पालेभाजी घेऊ. आणि सगळ्यांच्या पंगतीला आपणही बसू.

माझ्या आईनं भाकरी पुन्हा सुरू केली, साखर निम्म्यावर आणली. आता तिला चक्कर येत नाही. पोट हळूहळू उतरतंय.

पुढच्या बैठकीला शिवणकाम करणाऱ्या ताईंनी टेप आणावा. बाईची कंबर 80 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर असेल, तर तिनं आशाताईंना सांगून साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नका.

आणि हो, त्या बैठकीला बिस्किटं नाहीत. भाजलेले शेंगदाणे मी आणते!