बगलेच्या छत्र्या



"खेळांतून काय शिकावयाचें असतें?" असें मी शिक्षक असतांना मुलांना पुष्कळदां दरडावून विचारीत असें. त्याचें उत्तर मला सेवानिवृत्तीनंतर नातवाकडून मिळालें.

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नांवाचा संगणकावरील एक खेळ आहे. मेक्सिकोंतील स्क्वॉड या कंपनीनें तो २०११ सालीं प्रथम लोकांपुढें आणला. सुटे भाग जोडून अग्निबाण रचावयाचा, हिरव्या वर्णाचे चिमुकले अंतराळवीर त्यांत बसवावयाचे व त्यांना सुखरूप परत आणावयाचें, असा हा खेळ.

नातवाच्या यानाच्या टोकावर दुसऱ्या यानास जोडण्याचें कडें होतें. तेथें हवाई छत्रीस जागा नव्हती. म्हणून त्यानें ती बगलेस लावली. छत्री उघडली, परंतु एका बंदानें खुंटीस अडकविलेल्या दप्तराप्रमाणें यान तिरकें लोंबूं लागलें आणि कडेवर आपटून फुटलें. तिन्ही वीर गेले.

"आजोबा, छत्री तर उघडली होती!" त्याचा गळा दाटून आला होता.

मीं कागदावर आकृति काढली. टांगलेली वस्तु आपला गुरुत्वमध्य टांगणीच्या बिंदूखालीं आणूं पाहते. टांगणी एका बगलेस, तर यान कलणारच. यास्तव बगलेच्या छत्र्या समोरासमोर, जोडीनें व गुरुत्वमध्याच्या वर लावाव्या.

"मग दोन छत्र्यांनीं वेग निम्मा होईल ना?"

नाहीं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दोन छत्र्यांनीं उतरण्याचा वेग सुमारें सात-दशांश होतो. निम्मा करावयाचा तर चार छत्र्या हव्यात. त्यानें चार लावल्या. पण कळ दाबतांच इंजिनाबरोबर चारही छत्र्या जमिनीवरच उघडल्या! कोणता भाग केव्हां चालावा, याच्या क्रमवारींत त्यानें दोहोंस एकाच पायरीवर ठेवलें होतें. या वेळीं मात्र आम्ही दोघेही पोट धरून हंसलों.

खऱ्या अंतराळवीरांनाही हे प्रश्न चुकले नाहींत. रशियाच्या सोयुझ यानाची मुख्य छत्री सुमारें १००० चौरस मीटर क्षेत्रफळाची असून ती बगलेच्या कप्प्यांतून निघते. यान प्रथम तिरकें लोंबतें. मग टांगणी बदलून तें सरळ केलें जातें. १९७१ सालीं अपोलो १५ परततांना तीनपैकीं एक छत्री मिटली; उरलेल्या दोहोंनीं तिघां वीरांना सुखरूप समुद्रावर उतरविलें. एक छत्री अधिक ठेवणाऱ्याची दूरदृष्टि त्या दिवशीं कामास आली.

नातवानें पायऱ्यांचा क्रम सुधारला. यान उतरूं लागलें तसा त्यानें माझा हात घट्ट धरला. जमिनीपासून १००० मीटरवर चारही छत्र्या पूर्ण फुलल्या, आणि यान सरळ, अलगद टेकलें.

आतां नवें यान रचतांना तो प्रथम छत्र्या कोठें बसतील तें पाहतो, आणि मग इंजिनाकडे वळतो. जावयाचें तर परत कसें यावयाचें, हें त्याला मीं शिकविलें नाहीं. त्या तीन हिरव्या वीरांनीं शिकविलें.